थांबायला तयार असलेला पैसा

मार्च 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी या अमेरिकी वाद्यवृंदाचे संगीतप्रमुख एसा-पेक्का सालोनेन यांनी जाहीर केलं की चालू करार संपला की आपण निघणार. अशा वेळची निवेदनं कशी असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवी क्षितिजं, कुटुंबासाठी वेळ, सर्वांचे मनःपूर्वक आभार. सालोनेन यांनी यातलं काहीच न करता सरळ कारण सांगितलं: संस्थेच्या भविष्याबद्दल विश्वस्त मंडळाची जी उद्दिष्टं आहेत ती माझी नाहीत. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जगात, जिथे भांडणं रेशमी पडद्याआड होतात, तिथे हे एक वाक्य बाँबसारखं पडलं. वादक उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि सभागृहाच्या दारात पत्रकं वाटू लागले.

या भांडणाकडे ‘कलावंत विरुद्ध पैसेवाले’ अशा चौकटीतून बघण्याचा मोह होतो. मला ती चौकट अपुरी वाटते. पैसा दोन्ही बाजूंना लागतोच, आणि सालोनेन यांच्या पन्नासेक वर्षांच्या कारकिर्दीला आधार देणारा पैसा कधी सरकारी होता, कधी खासगी. वाद पैसा कोणाचा याचा नव्हताच. तो पैसा किती काळ थांबायला तयार होता, यावर सगळं ठरलं. संगीतासारख्या क्षेत्रात सार्वजनिक धोरणाने हाच प्रश्न विचारायला हवा, आणि नेमका तोच कुठल्या अंदाजपत्रकात विचारला जात नाही, असं माझं म्हणणं आहे.

सालोनेन यांचा जन्म 30 जून 1958 चा, हेलसिंकीतला. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर 1957 मध्ये, फिनलंडचे थोर रचनाकार यान सिबेलियस वारले होते. फिनलंडमध्ये संगीताबद्दल बोलताना सिबेलियसना टाळून पुढे जाता येत नाही, आणि पैशाबद्दल बोलताना तर नाहीच. 1897 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या संगीतशिक्षकाच्या जागेसाठी सिबेलियस आणि रॉबर्ट कायानुस यांच्यात चुरस झाली. कायानुस स्वतः रचनाकार होते, शिवाय 1882 मध्ये हेलसिंकीचा वाद्यवृंद त्यांनीच उभा केला होता. जागा अखेर त्यांना मिळाली. सिबेलियसच्या पदरात पडलं ते सरकारी मानधन, वर्षाला 3000 मार्क, सुरुवातीला दहा वर्षांसाठी. पुढे ते आयुष्यभराचं झालं. फिनलंड तेव्हा स्वतंत्र देशही नव्हता. तो रशियन साम्राज्याचा एक भाग होता, गरीब होता. अशा देशाने एका तिशीतल्या, कर्जबाजारी आणि मद्याची आवड असलेल्या माणसाला पगार सुरू केला आणि त्याबदल्यात वर्षाला किती पानं लिहिली याचा हिशोब मागितला नाही.

या कथेचा उत्तरार्ध सोयीचा नाही, म्हणून तो सांगितलाच पाहिजे. 1926 च्या ‘तापिओला’ या रचनेनंतर सिबेलियस जवळजवळ गप्प झाले. आठव्या सिम्फनीची (सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) जगाने वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि तिची हस्तलिखितं 1940 च्या दशकात त्यांनी स्वतःच जाळली. म्हणजे मृत्यूआधीची तीस वर्षं फिनलंडचं सरकार मौनासाठी पैसे मोजत होतं. हिशोबतपासनिसाला हा सरळसरळ बुडीत खर्च दिसेल. पण सात सिम्फनी, व्हायोलिन कॉन्सर्टो आणि ‘फिनलांदिया’ हेही त्याच खात्यावर जमा आहे. थांबणाऱ्या पैशात बुडणारा भाग असणारच. कुठला भाग बुडणार हे आधी कळलं असतं तर थांबण्याची गरजच पडली नसती.

सालोनेन यांच्या पिढीला मात्र सिबेलियसच्या सावलीचा कंटाळा आला होता. सिबेलियस अकादमी या हेलसिंकीच्या संगीतमहाविद्यालयात सालोनेन हा मुलगा गेला हॉर्नवादक म्हणून. रचनाकार एइनोयुहानी राउतावारा यांच्याकडे त्याने रचना शिकायला घेतली. 1977 मध्ये या तरुणांनी एक मंडळ काढलं, ‘कोर्वात आउकी’, म्हणजे कान उघडा. माग्नुस लिंडबर्ग त्यात होते, काइया सारियाहो होत्या. युरोपात जे नवं लिहिलं जातंय ते फिनलंडमध्ये ऐकू यावं आणि आपण जे लिहितो ते कोणीतरी वाजवावं, एवढीच त्यांची मागणी होती. वाजवणारं कोणी मिळेना. मग कोणीतरी समोर उभं राहून हात हलवायला हवे होते, ते काम सालोनेन यांच्या अंगावर आलं. पुढे जगातल्या मोजक्या वाद्यवृंद-संचालकांत गणल्या गेलेल्या या माणसाने संचालन हातात घेतलं ते मित्रांच्या रचना पडून राहू नयेत म्हणून. हे ध्यानात ठेवलं की सॅन फ्रान्सिस्कोतलं भांडण निम्मं उलगडतं. नवं संगीत हा त्यांच्या लेखी कार्यक्रमपत्रिकेतला एक रकाना कधीच नव्हता. ते या धंद्यात आले तेच त्या कारणाने.

संचालन शिकवायला होते योर्मा पानुला. पानुलांच्या वर्गाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण फिनलंड एवढे संचालक कुठून काढतो या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. जवळपास 55 लाख वस्तीचा देश. मुंबईच्या एखाद्या कोपऱ्यात मावेल एवढी माणसं. तिथून सालोनेन, युक्का-पेक्का सारास्ते, ओस्मो व्हॅन्स्का, सकारी ओरामो, सुसाना मॅल्की, हन्नू लिंटू, मिक्को फ्रांक आणि आता क्लाउस मॅकेला अशी रांग निघते. यातला प्रत्येक जण कधी ना कधी पानुलांच्या हाताखालून गेलेला. लोक याला फिनिश चमत्कार म्हणतात. चमत्कार म्हटलं की खर्चाचा प्रश्न येत नाही, म्हणून तो शब्द सोयीचा आहे.

जगात बहुतेक ठिकाणी संचालनाचा विद्यार्थी दोन पियानोंसमोर उभा राहून सराव करतो, किंवा घरी आरशासमोर. खरा वाद्यवृंद त्याला वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी मिळतो, आणि मिळतो तेव्हा परीक्षा असते. पानुला 1973 पासून वीस वर्षं अकादमीत प्राध्यापक होते. त्यांच्या वर्गात विद्यार्थ्यापुढे खरे वादक बसलेले असत, नेमाने, दर आठवड्याला. तो चुकला की चूक लगेच कानावर पडे. हात एक सांगतोय आणि बासरीवाला दुसरंच वाजवतोय, यात दोष कुणाचा हे सांगायला गुरूची गरज राहत नसे. हे सगळं कॅमेऱ्यात टिपलं जाई आणि नंतर विद्यार्थ्याला स्वतःकडे बघत बसावं लागे. पानुला कमी बोलणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. जो अपघात डोळ्यांदेखत घडला त्यावर भाषण कशाला? आता या वर्गाचा खर्च धरा. वादक, जागा, वेळ, आणि हे सगळं कशासाठी, तर वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी चुका कराव्यात म्हणून. कुठलाही व्यवस्थापकीय सल्लागार हा वर्ग पहिल्या बैठकीत बंद करील. तिकीटविक्री शून्य, आणि निकाल दिसणार पंधरा वर्षांनी, तोही दुसऱ्याच देशात.

त्याखाली आणखी एक थर आहे. 1969 मध्ये फिनलंडने संगीतशाळांसाठी कायदा केला आणि त्यांच्या खर्चाचा वाटा सरकार आणि नगरपालिकांनी उचलायला सुरुवात केली. हेलसिंकीपासून शेकडो किलोमीटरवरच्या गावातल्या मुलालाही शिकलेला व्हायोलिनशिक्षक परवडेल अशा शुल्कात मिळू लागला. यातली बहुसंख्य मुलं पुढे संगीतकार झाली नाहीत. ती इंजिनिअर झाली, परिचारिका झाली, आणि गावच्या वाद्यवृंदाची तिकिटं काढू लागली. जाणकार श्रोता कोणी आयात करत नाही. तो असा चाळीस वर्षांत घडतो. सालोनेन स्वतः राजधानीतले, कायदा आला तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. त्यांना त्या कायद्याने घडवलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण ज्या समाजात ते वाढले त्याला एका मुलाच्या हॉर्नवर सार्वजनिक पैसा खर्च करण्यात काही वावगं वाटत नव्हतं.

1983 ची लंडनची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. फिलहार्मोनिया वाद्यवृंदासोबत ऑस्ट्रियन रचनाकार मालरची तिसरी सिम्फनी करायला मायकल टिल्सन थॉमस येणार होते. ते येऊ शकले नाहीत. पंचवीस वर्षांच्या सालोनेनला बोलावणं आलं. ती दीड तासाची अजस्र रचना त्याने तोपर्यंत अभ्यासलेली नव्हती. काही दिवसांत ती बसवून तो उभा राहिला आणि दुसऱ्या सकाळी जग त्याच्या मागे लागलं. अशा कथा आपल्याला आवडतात. एका रात्रीत नशीब उघडलं, वगैरे. ज्या मुलाने वर्षानुवर्षं खऱ्या वादकांसमोर दर आठवड्याला तोंडघशी पडून घेतलं होतं, त्यालाच ती रात्र झेपली. नशिबाने फक्त तारीख ठरवली.

त्या रात्रीच्या बातमीने एर्न्स्ट फ्लाइशमन यांचं लक्ष वेधलं. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे हे व्यवस्थापक हुशार, हट्टी आणि भांडखोर होते. 1984 मध्ये त्यांनी सालोनेनना अमेरिकेत पहिल्यांदा आणलं. पुढे त्यांच्यासाठी पाय रोवताना त्यांनी तत्कालीन संगीतप्रमुख आंद्रे प्रेव्हिन यांना न विचारताच गोष्टी ठरवल्या, आणि 1989 मध्ये प्रेव्हिन राजीनामा देऊन गेले. हे वागणं सभ्य नव्हतं, आणि दूरदृष्टी होती म्हणून मी त्याला सभ्य म्हणणार नाही. पण 1992 मध्ये चौतिशीतले सालोनेन लॉस एंजेलिसचे संगीतप्रमुख झाले आणि पुढची सतरा वर्षं तिथे राहिले.

या शहरात आपल्याकडचा एक धागा आहे. 1962 ते 1978 या काळात त्याच वाद्यवृंदाचे प्रमुख होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. झुबिन तालमी ऐकतच वाढले. गुणवत्ता होती, घरात विद्या होती, कुलाब्याच्या हवेत संगीत होतं. तरी 1954 मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांना संचालन शिकायला व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे जावं लागलं, आणि वडिलांनीही पुढे देश सोडला. तो वाद्यवृंद टिकला नाही. मुंबईने असा विद्यार्थी जन्माला घातला, पण त्याला आठवड्याला एकदा चुकू देणारी खोली मुंबईत नव्हती. गोव्यात वेगळ्या प्रकारची अशी खोली होती. चर्चच्या गावोगावच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. मुंबईच्या हिंदी चित्रपटांतल्या वाद्यवृंदांना त्या शाळांनी दोन पिढ्या वादक पुरवले. त्या शाळांवर खर्च करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चित्रपटसंगीत नक्कीच नव्हतं. आज मुंबईत 2006 पासून एनसीपीए या कलासंस्थेचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, आणि त्यातले बहुसंख्य वादक परदेशातून येतात. सभागृह बांधायला पैसा मिळतो. मुलांच्या बेसूर व्हायोलिनवर तो मिळणं कठीण.

लॉस एंजेलिसला परत जाऊ. सालोनेन आले तेव्हा त्यांना नवं सभागृह कबूल केलेलं होतं. वॉल्ट डिस्ने यांच्या पत्नी लिलियन यांनी 1987 मध्ये 5 कोटी डॉलर दिले होते, फ्रँक गेरी यांची वास्तुविशारद म्हणून निवड झाली होती. मग काम रखडलं. परगण्याच्या सरकारने रोखे काढून जमिनीखालचा सहा मजली वाहनतळ बांधला. तो 1996 मध्ये पुरा झाला आणि वर काहीच नव्हतं. पाश्चात्त्य जगातला सर्वांत महागड्या संगीताचा वाहनतळ, अशी थट्टा करायला पुरेसा मालमसाला. इकडे सालोनेन जुन्या डोरोथी चँडलर पॅव्हिलियनच्या कोरड्या ध्वनीत लिगेटी आणि लुतोस्लाव्स्की या आधुनिक रचनाकारांचं संगीत वाजवत होते, आणि वर्षानुवर्षांचे तिकीटधारक कुरकुरत होते. त्या दिवसांत विश्वस्तांनी त्यांना घरी पाठवलं असतं तर वर्तमानपत्रांनी त्याला वास्तववादी निर्णय म्हटलं असतं.

त्यांनी पाठवलं नाही. 1996 मध्ये वाद्यवृंद पॅरिसच्या शातले रंगमंदिरात स्त्राविन्स्की महोत्सवासाठी राहिला. सोबत गेलेल्या विश्वस्तांनी आपला वाद्यवृंद चांगल्या सभागृहात कसा वाजतो ते प्रथमच ऐकलं, आणि परतल्यावर पैसा उभा करण्याची चक्रं पुन्हा फिरली. वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉल उघडला ऑक्टोबर 2003 मध्ये, पहिल्या देणगीनंतर सोळा वर्षांनी. ध्वनिशास्त्र यासुहिसा तोयोता यांचं. ही इमारत आज त्या शहराची ओळख आहे आणि तिच्या उद्घाटनाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मधली सोळा वर्षं कोणी पाहत नाही.

त्याच काळात रचनाकार सालोनेनचंही काहीतरी होत होतं. युरोपात शिकलेल्या त्यांच्या पिढीला नियमांचा मोठा धाक होता. सुरावट लिहिणं म्हणजे शरणागती, ठेका लागला की संशय. कॅलिफोर्नियात या धाकाचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. जानेवारी 1997 मध्ये त्यांची ‘एलए व्हेरिएशन्स’ ही रचना तिथल्या वादकांनी वाजवली. सहा-सहा स्वरांचे दोन संच, मिळून बारा. आराखडा पक्का युरोपीय. पण वाद्यवृंद त्यात असा धावतो, उसळतो, चमकतो की आराखडा विसरायला होतं. एकेका वादकाची ताकद ओळखून लिहिलेलं ते संगीत आहे, आणि ती ओळख पाहुण्या संचालकाला दोन आठवड्यांत होत नाही. तिथे पाच वर्षं काढावी लागतात. 2000 मध्ये त्यांनी फक्त लिहिण्यासाठी वर्षभराची सुट्टी घेतली आणि संस्थेने ती दिली. 2009 मध्ये, निरोपाच्या महिन्यांत, आला व्हायोलिन कॉन्सर्टो, लीला जोसेफोविच यांच्यासाठी. त्याच्या तिसऱ्या भागात मागे चक्क रॉकचा ड्रमसेट धडाडतो, आणि शेवटच्या भागाचं नाव आहे ‘आद्यू’. 2012 मध्ये त्याला ग्रॉमेयर हा संगीतरचनेचा पुरस्कार मिळाला. विद्यार्थिदशेतल्या सालोनेनने हे पान फाडून टाकलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

आर्थिक बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे सगळं भाबडं वाटेल. 2000 मध्ये डेबोरा बोर्डा व्यवस्थापनात आल्या तेव्हा संस्था तोट्यात होती. त्यांनी घडी बसवली, आणि ती नवं संगीत कमी करून बसवली नाही. हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावरच्या उन्हाळी मैफलींचा गल्ला त्यांच्या हाताशी होता हे खरं, आणि प्रत्येक शहराला तसा बोल मिळत नाही हेही खरं. पण नवं काम म्हणजे पैसे उरले तरच करायची चैन, असं त्या संस्थेने समजलं नाही. ‘ग्रीन अंब्रेला’ ही नव्या संगीताची मालिका तिथे आजही चालते. अमेरिकेतला सर्वांत धाडसी आणि सर्वांत सुस्थितीतला वाद्यवृंद एकच आहे, हे गेल्या वीस वर्षांत समीक्षकांनी इतक्या वेळा लिहिलंय की ते आता बातमीही राहिलेलं नाही.

आता सॅन फ्रान्सिस्को. डिसेंबर 2018 मध्ये सालोनेन यांची निवड जाहीर झाली. ते ज्यांच्या जागी आले ते मायकल टिल्सन थॉमस, 1983 मध्ये लंडनला न पोचलेले. 2020 च्या शरदात पदभार घ्यायचा आणि सभागृहं बंद, असा मुहूर्त. तरी त्यांनी आठ सहयोगी जमवले. त्यात रचनाकार निको म्युली होते, बासरीवादक क्लेअर चेस होत्या, जॅझमधल्या एस्पेरान्झा स्पॉल्डिंग होत्या, आणि यंत्रमानवशास्त्रातल्या उद्योजक कॅरल रायलीही. स्क्रियाबिनच्या ‘प्रॉमिथियस’सोबत सभागृहात सुगंध सोडण्याचा प्रयोग केला. तो मला थोडा दिखाऊ वाटतो, पण प्रयोग फसण्याची मुभा असेल तरच प्रयोग. जून 2023 मध्ये काइया सारियाहो गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच सालोनेन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या डेव्हिस हॉलमध्ये त्यांचा ‘आद्रियाना माटेर’ हा ऑपेरा उभा केला. ‘कान उघडा’ म्हणत एकत्र आलेल्या दोन मित्रांची ती शेवटची भेट म्हणायची. त्या ध्वनिमुद्रणाला 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट ऑपेरा मुद्रणाचं ग्रॅमी मिळालं. तोवर सालोनेन यांचं जाणं ठरलेलं होतं.

विश्वस्तांची बाजू पोकळ नव्हती. महामारीनंतर शहराचा मध्यभाग ओस पडला, कार्यालयं रिकामी झाली, संध्याकाळचं तिकीट काढणारा माणूस घरून काम करू लागला. तूट वर्षामागून वर्षं येत होती. ती बघत बसणं हे विश्वस्ताचं काम नाही. संस्थेच्या तीस कोटी डॉलरच्या वरच्या कायम ठेवींकडे वादक बोट दाखवत होते. पण अशा ठेवींचा मोठा भाग देणगीदारांच्या अटींनी बांधलेला असतो आणि मुद्दल खाल्लं की उद्याचं व्याज आटतं, हे मंडळाचं उत्तरही बरोबरच आहे. माझा आक्षेप काटकसरीला नाही. कात्री कुठे चालली याला आहे. युरोपचा दौरा, साउंडबॉक्स या प्रायोगिक मैफलींच्या जागेतले प्रयोग, नव्या रचना, आणि गायकवृंद. दीडशेच्या आसपास गायकांतल्या फक्त 32 जणांना पगार होता, आणि त्यांच्या मोबदल्यात 80 टक्के कपात सुचवली गेली. सप्टेंबर 2024 मध्ये ते संपावर गेले, व्हेर्दीच्या ‘रिक्विएम’चे प्रयोग रद्द झाले. पुढे एका निनावी दात्याने 40 लाख डॉलर दिले आणि तो प्रश्न तात्पुरता मिटला.

या शेवटच्या वाक्याशी थोडं थांबावंसं वाटतं. एका व्यक्तीच्या मनात आलं म्हणून गायकवृंद वाचला. ती व्यक्ती थोर आहे, यात शंका नाही. पण तिच्या मनात आलं नसतं तर? ज्या शहराच्या परिसरात जगातली सर्वांत मोठी संपत्ती गेल्या तीस वर्षांत निर्माण झाली, तिथे बत्तीस गायकांचा पगार एका अनामिक माणसाच्या लहरीवर लटकतो, ही उदारतेची कथा म्हणून सांगितली जाऊ नये.

इथे एक टोचणारी गोष्ट सालोनेन यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य करायला हवी. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांच्या संगीतप्रमुखांचं मानधन वर्षाला दहा लाख डॉलरच्या पुढे जातं. प्रतिभावंताला वेळ द्या म्हणताना आपण बहुधा व्यासपीठावरच्या एकाच माणसाचा विचार करतो. मागच्या रांगेतल्या आल्टो (खालच्या पट्टीच्या) गायिकेला तो वेळ कोण देतं? थांबणारा पैसा हवा म्हणणाऱ्याने तो फक्त ताऱ्यांसाठी मागितला तर ते राजदरबाराचं पुनरुज्जीवन होईल. 1969 च्या फिनिश कायद्याची ताकद उलट दिशेने होती. तो तळापासून खर्च करत होता, आणि वर कोण निघेल याबद्दल बेफिकीर होता.

फिनिश पद्धतीवरचा सर्वांत धारदार आक्षेप वेगळाच आहे. करदाता फिनलंडचा, आणि फळं खाणारे लंडन, लॉस एंजेलिस, पॅरिस. सालोनेन यांची मोठी पदं पाहा: स्टॉकहोमचा रेडिओ वाद्यवृंद 1995 पर्यंत, मग लॉस एंजेलिस, 2008 ते 2021 लंडनचा फिलहार्मोनिया, मग सॅन फ्रान्सिस्को. हेलसिंकीतलं एकही नाही. लापीनरांता या फिनिश शहरातल्या दुकानदाराने या जागतिक कारकिर्दीचं भांडवल का पुरवावं? मला वाटतं, त्या दुकानदाराला या सौद्यात एक सालोनेन मिळालाच नाही. त्याला मिळाले गावच्या शाळेत व्हायोलिन शिकवणारे दहा शिक्षक आणि शेजारच्या शहरात बारा महिने चालणारा वाद्यवृंद. सालोनेन ही वरची साय. आक्षेप घेणारे सायीकडे बोट दाखवून दुधाचा खर्च विचारतात.

जून 2025 मध्ये सालोनेन यांनी सॅन फ्रान्सिस्कोचा निरोप मालरच्या दुसऱ्या सिम्फनीने घेतला. त्या रचनेला गायकवृंद लागतो, आणि तो होता, तोच. त्यानंतर तीन महिन्यांत दोन घोषणा झाल्या. लॉस एंजेलिसने त्यांच्यासाठी सर्जनशील संचालक असं नवं पद 2026 पासून निर्माण केलं. ज्या संस्थेने पूर्वी सतरा वर्षं दम धरला होता तीच पुन्हा पुढे आली. आणि 2027 पासून ते पॅरिसच्या ऑर्केस्ट्र द पारी या वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक होणार. तिथून बाहेर पडतोय क्लाउस मॅकेला, 1996 चा जन्म, बारा वर्षांचा असताना पानुलांच्या वर्गात पोचलेला. अडतीस वर्षांचं अंतर असलेले एकाच गुरूचे दोन शिष्य पॅरिसमध्ये एकमेकांकडे किल्ल्या सोपवणार. फ्रान्सने या दोघांच्या शिक्षणावर दमडी खर्च केलेली नाही.

ज्याने केली, त्या फिनलंडमध्ये पंतप्रधान पेत्तेरी ओर्पो यांच्या सरकारने संस्कृतीवरच्या खर्चाला कात्री लावली आहे. लॉटरीच्या उत्पन्नातून कलांना पैसा देण्याची जुनी व्यवस्था 2024 पासून मोडली आणि हा खर्च आता थेट सरकारी अंदाजपत्रकात, संरक्षण आणि पेन्शन यांच्या शेजारी, दरवर्षी स्वतःची बाजू मांडतो. रशियाची सीमा लागून असलेल्या देशाला तोफांचा खर्च टाळता येत नाही, हे समजतं. पण या कपातीचा परिणाम पुढच्या निवडणुकीपर्यंत दिसणार नाही. हेलसिंकीचे वाद्यवृंद चालतील, मॅकेलाच्या मैफलींची तिकिटं संपतील, मंत्री पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतील. आज कुठल्या गावच्या संगीतशाळेने कुठल्या मुलाला जागा नाही म्हणून परत पाठवलं याची नोंद कुठल्याच खात्यात होत नसते, त्यामुळे 2050 मध्ये फिनलंडमधून संचालक का येईनासे झाले असं कोणी विचारलं तर उत्तर द्यायला यातलं कोणीही जागेवर नसेल.